४० साइझ बाल्सा ट्रेनरची पेटी: पंखाला पैकीच्या पैकी, लँडिंग गिअर जेमतेम पास

रेडिओ कंट्रोल विमान शिकायचं आणि तेही फोमचं नको, बाल्साच्या हलक्या लाकडाचंच हवं, असं ठरवणाऱ्याच्या हातात शेवटी एकच वस्तू पडते: ४० साइझची हाय-विंग (पंख बॉडीच्या वर असलेली) ट्रेनर पेटी, एआरएफ म्हणजे जवळपास तयार प्रकारातली. पंखाचे दोन भाग कव्हरिंगसकट (वर चढवलेल्या प्लॅस्टिक फिल्मसकट) तयार, बॉडी तयार, शेपूट तयार. आपण फक्त जोडायचं. ब्रँडचं नाव इथे मुद्दामच नाही. या वर्गातल्या पेट्यांवरचं चित्र बदलतं, आतला आराखडा फारसा बदलत नाही, आणि खाली लिहिलेले गुणदोष कमीअधिक फरकाने सगळ्यांना लागू पडतात. पंखाचा विस्तार १५५० मिमीच्या आसपास, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २८० मिमी, उडतं वजन २.४ ते २.७ किलो. इंजिन .४० ते .४६ घनइंचाचं ग्लो (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं), म्हणजे साडेसहा ते साडेसात सीसी, किंवा त्याच ताकदीची चार सेलवर चालणारी मोटर.

निकाल आधीच सांगून टाकतो. पंखाचं लाकूडकाम या किमतीत अपेक्षेपेक्षा चांगलं असतं. रिब (पंखाच्या फासळ्या) लेझरने कापलेल्या, स्पार (पंखाचा लांबीचा कणा) सरळ, मधला भाग बाल्साच्या शीटने मढवलेला. लँडिंग गिअरच्या पाकिटात मात्र हात आखडलेला दिसतो. शिकाऊ माणसाचं विमान हवेत फारसं मोडत नाही, जमिनीवर मोडतं. ज्या जागी सगळ्यात जास्त मार बसणार तिथेच सगळ्यात स्वस्त माल घातलेला आहे, आणि या पेटीबद्दलची मुख्य तक्रार तीच.

पंख

पेटी उघडल्यावर पहिलं काम डिंकाचं नाही, इस्त्रीचं. दमट हवेच्या कारखान्यात बनलेला पंख विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आला की बाल्सातली ओल उडते, लाकूड किंचित आकसतं आणि कव्हरिंगवर सुरकुत्या पडतात. त्यात माल खराब असल्याचं काही नाही. मॅन्युअल सुरकुत्या काढायला सगळ्यात शेवटी सांगतं, ते मात्र पटत नाही. फिल्म ताणली गेली की उघड्या रिबांचा पंख पिळला जाऊ शकतो. दोन भाग सुटे असताना हा पीळ दिसला तर पाच मिनिटांत निघतो. जोडल्यावर दिसला तर दोन माणसं लागतात. इस्त्री कमी तापमानावर ठेवून, खाली सुती फडक्याचा मोजा चढवून, आधी कडा आणि जोड पक्के करावेत, मग मधले भाग. उलट केलं तर फिल्म मधून आकसते आणि कडांवरून सुटते.

पीळ तपासायला वेगळं साधन लागत नाही. या ट्रेनरच्या पंखाचा छेद क्लार्क वाय घराण्यातला आहे. १९२२ सालच्या या छेदाचा तळ पुढचा तीस टक्के भाग सोडला तर सपाट असतो, म्हणून चांगलं सपाट टेबल हीच मोजपट्टी. प्रत्येक भाग टेबलावर ठेवून मुळाकडे आणि टोकाकडे बोटाने दाबून पाहा. एखादा कोपरा दोन-तीन मिमी उचललेला असेल तर पंख उलट दिशेने थोडा जास्तच पिळून धरा, हीट गन फिरवा आणि फिल्म पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. टोकाला ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड) किंचित वर असेल आणि दोन्ही बाजूंना सारखीच असेल तर तसंच राहू द्या. तो वॉशआउट आहे, कमी वेगात टोक अचानक पडू नये म्हणून. एका बाजूला असेल आणि दुसऱ्या बाजूला नसेल, तर विमान वेग वाढला की एकीकडे कलत राहणार आणि रिमोटवरच्या ट्रिमने ते एकाच वेगासाठी सुटणार.

आता जॉइनर, म्हणजे पंखाचे दोन भाग आतून जोडणारी पट्टी. बहुतेक पेट्यांत तो प्लायवुडचा, इंग्रजी व्ही आकाराचा येतो. काहींत तीन पातळ पट्ट्या येतात, त्या आपण एकमेकींना चिकटवून एक जाड जॉइनर करायचा असतो. जॉइनरच्या मधोमध पेन्सिलने उभी रेघ मारा आणि कोरडाच एका भागात सरकवा. रेघेपर्यंत हाताच्या जोराने गेला पाहिजे. अडला तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने जॉइनर घासा, पंखातल्या ज्या खोक्यात तो बसतो त्याला हात लावू नका. हातोडी तर नाहीच; आतल्या खोक्याची भिंत स्पारपासून सुटली तर बाहेरून दिसतही नाही आणि पहिल्याच जोराच्या वळणात पंख मधून मिटतो. उलट बाजूने, जॉइनर खोक्यात खुळखुळत असेल तर इपॉक्सी ती पोकळी भरेल या भरवशावर राहू नये. पातळ प्लायची किंवा बाल्साची चकती एका बाजूला चिकटवून आधी तो नीट बसेल असा करावा.

व्हीचं टोक खाली हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण जॉइनरच्या दोन्ही कडांचा कोन इतका कमी असतो की उलटा बसवल्याचं रात्रीच्या उजेडात लक्षात येत नाही. म्हणून डायहेड्रल (पंख मुळापासून टोकाकडे वर चढण्याचा कोन) मोजूनच घ्यावा. दोन्ही भाग कोरडे जोडा, एक भाग टेबलावर सपाट दाबून धरा आणि दुसऱ्या टोकाखालची उंची मोजा. ७७५ मिमी लांबीच्या अर्ध्या पंखाला प्रत्येक बाजूला ३ अंश डायहेड्रल असेल तर ती उंची ८१ मिमी येते, ४ अंश असेल तर १०८. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा तीन-चार मिमी कमीजास्त आली तर काही बिघडत नाही. दोन मुळाकडच्या रिबांमध्ये मात्र फट नको. खालून मिटलेली आणि वरून एक मिमी उघडी, अशी फट नेहमी दिसते. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून खालची कड हळूहळू घासत जावं आणि दर चार-पाच हातांनी पुन्हा जोडून पाहावं.

रिबेवर दुमडून आलेली फिल्म ब्लेडने काढून टाका. इपॉक्सी लाकडाला धरतो, प्लॅस्टिकच्या फिल्मला नाही, आणि कारखान्यात ही फिल्म दोन्ही बाजूंनी तशीच सोडलेली असते. मॅन्युअलमध्ये याचा उल्लेख नाही. मॅन्युअल चित्रांचं आहे, आणि चित्रात डिंक कधी सांडतही नाही.

चिकटवायला तीस मिनिटांचा इपॉक्सी. पाच मिनिटांचा नको: खोक्याच्या चारही भिंती, जॉइनर आणि दोन रिबा यांना लावेपर्यंतच तो घट्ट व्हायला लागतो, आणि घट्ट होऊ लागलेला इपॉक्सी लाकडात मुरत नाही. उन्हाळ्यात हिशोब आणखी बदलतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी ढोबळमानाने दुप्पट वेगाने आवळतो. तीस मिनिटांवाला मे महिन्याच्या दुपारी पंधराच मिनिटं हाताळू देतो. पहाटे किंवा रात्री काम करा, आणि मिसळलेला गोळा वाटीत खोल न ठेवता पसरट झाकणात पसरून ठेवा, म्हणजे स्वतःच्याच उष्णतेने तो तापणार नाही. हॉबीच्या दुकानातला इपॉक्सी मिळाला नाही तर हार्डवेअरमध्ये मिळणारा अराल्डाइट स्टँडर्ड चालतो. तो घट्टसर असतो, म्हणून ट्यूब कोमट पाण्यात ठेवून वापरावा आणि पंख दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नये. दोन्ही ट्यूब मिळून वीस-पंचवीस ग्रॅम पुरतो.

लावताना आईस्क्रीमच्या काडीने खोक्याच्या आत चारही बाजूंना पातळ थर, जॉइनरच्या सगळ्या बाजूंना थर. खोक्यात नुसता गोळा ओतून जॉइनर दाबला तर तो पिचकारीच्या दट्ट्यासारखा हवा दाबतो आणि हात सोडला की मिमी-दोन मिमी बाहेर सरकतो. सकाळी पंखाच्या मधोमध जी फट दिसते ती बहुतेक वेळा यानेच आलेली असते. जॉइनरच्या एका बाजूला लांबीने पातळ खाच पाडली की हवेला वाट मिळते. मुळाच्या दोन्ही बाजूंना दोन मिमी सोडून मास्किंग टेप लावून ठेवा, दोन भाग मिटवा, बाहेर आलेला इपॉक्सी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि मग जोडावर आडव्या, ताणून लावलेल्या टेपच्या पट्ट्या: खाली चार, वर चार, एक लीडिंग एजला (पुढच्या कडेला) वळसा घालून. ट्रेलिंग एजजवळ पाच मिमीची लाकडी खुंटी येते, ती दोन भागांचा कोन सारखा ठेवते. तिचं भोक सैल असेल तर टेपनंतर दोन्ही ट्रेलिंग एज एका रेषेत आहेत ना हे मागून, डोळा त्याच उंचीवर आणून पाहावं.

पेटीत मधल्या जोडावर लावायला रंगीत चिकटपट्टी दिलेली असते. ती शोभेची आहे. जॉइनर नीट चिकटला असेल तर या वजनाच्या विमानाला ताकद पुरते, पण रबर बँड जिथे पंखावर चढतात तिथे ट्रेलिंग एजचं बाल्सा दबतं आणि वर्षभरात चिरतं. पाच सेंटिमीटर रुंदीची हलकी ग्लास क्लॉथची पट्टी पातळ इपॉक्सीने मधोमध बसवली, आणि ट्रेलिंग एजवर एक मिमी प्लायचा तुकडा, तर हा त्रास संपतो. वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम वाढतं, आणि तेही सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीच्या जवळच.

एलेरॉन

एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी. हिंज (बिजागऱ्या) सीए प्रकारचे, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट या झटपट डिंकाने बसणारे, प्रत्येक एलेरॉनला तीन किंवा चार. खाचा कारखान्यात पाडलेल्या असतात आणि बऱ्यापैकी सरळ असतात. खाचेच्या मधोमध दोन मिमीचं ड्रिल आत फिरवून घ्यावं, म्हणजे पातळ सीए हिंजच्या टोकापर्यंत पोचतो. हिंजच्या मध्यावर टाचणी टोचा, अर्धा पंखात, अर्धा एलेरॉनमध्ये, एलेरॉन मिटवा, टाचणी काढा. फट अर्धा मिमी ठेवा. एलेरॉन पूर्ण खाली वाकवून प्रत्येक हिंजवर सहा थेंब पातळ सीए, मग पंख उलटा करून दुसऱ्या बाजूने तेवढेच. मध्यम जाडीचा सीए इथे चालत नाही, तो वरच बसतो. अ‍ॅक्टिव्हेटर फवारण्याचा मोहही नको: सीए आत झिरपण्याआधीच दगड होतो आणि हिंज ठिसूळ पडतो. पावसाळ्यात कोकण-गोव्यात हवेतल्या ओलीनेच सीए पटकन धरतो, तेव्हा बाटली उघडी ठेवू नका आणि थेंब एकापाठोपाठ एक, न थांबता टाका. दहा मिनिटांनी प्रत्येक हिंजजवळ एलेरॉन चांगला ओढून पाहा. सुटायचा असेल तर टेबलावर सुटू दे.

सर्व्होच्या (एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) बाबतीत दोन प्रकारच्या पेट्या आहेत. जुन्या धाटणीत पंखाच्या मध्यभागी एकच सर्व्हो आणि दोन्ही एलेरॉनना टॉर्क रॉड (नळीत फिरणारी वळवलेली तार). नव्यात प्रत्येक एलेरॉनला स्वतंत्र सर्व्हो. निवड असेल तर दोन सर्व्होवालीच घ्या. टॉर्क रॉडचं वळण खिळखिळं झालं की मधोमध शून्य सापडत नाही, आणि रॉडच्या नळीत डिंकाचा एक थेंब गेला की एलेरॉन जाम. तीच पेटी हातात असेल तर चिकटवण्याआधी नळीच्या दोन्ही तोंडांना व्हॅसलिन लावावं. दोन सर्व्हो असतील तर वाय लीडऐवजी (दोघांना एकाच चॅनलला जोडणाऱ्या वायरऐवजी) दोन वेगळ्या चॅनलवर घ्या. सपाट तळाच्या पंखाला डिफरन्शियल, म्हणजे एलेरॉनची वरची हालचाल खालच्यापेक्षा जास्त, हवाच असतो. वर १२ मिमी, खाली ८ मिमी अशी हालचाल ठेवली तर वळताना नाक उलट्या बाजूला ओढलं जाणं कमी होतं.

सर्व्हो ज्या ठोकळ्यांवर बसतो ते ठोकळे हॅचच्या (सर्व्होच्या झाकणाच्या) पातळ प्लायला कारखान्यात नुसत्या सीएने चिकटवलेले असतात. मागून एकेक लाकडी स्क्रू मारून घ्या. सर्व्होच्या स्क्रूंसाठी दीड मिमीचं भोक, स्क्रू एकदा फिरवून बाहेर, भोकात पातळ सीएचा एक थेंब, वाळल्यावर पुन्हा स्क्रू. मऊ लाकडातले आटे यानेच टिकतात. पुढे लँडिंग गिअरला हीच युक्ती लागणार आहे. वायर ओढायला पंखात दोरा आधीच घातलेला असतो, ही एक छान सोय. तो टोकाकडून निसटला असेल तर दोऱ्याला छोटा नट बांधून पंख उभा धरावा.

पंख बॉडीवर

रबर बँडवाली रचना नवशिक्याला उत्तम. पंखाचं टोक जमिनीला लागलं तर पंख नुसता सरकतो. खुंट्या सहा मिमीच्या बीच लाकडाच्या, दोन्ही बाजूंना बारा-पंधरा मिमी बाहेर. त्या नुसत्या खोचून ठेवायच्या नसतात. आतून इपॉक्सीने पक्क्या करायच्या आणि ग्लो इंजिन असेल तर टोकांनाही इपॉक्सीचा हात द्यायचा, नाहीतर लाकूड तेल पिऊन मऊ पडतं. ६४ नंबरचे (सुमारे ८९ मिमी लांब, ६ मिमी रुंद) दहा ते बारा बँड, त्यातले शेवटचे दोन फुलीसारखे. पेटीतले बँड सहसा जुने असतात. ताणून पाहताना बारीक चिरा दिसल्या तर फेका. उडवून झालं की बँड काढून टाल्कम पावडरीत ठेवावेत. पंखावर ताणलेले ठेवून गाडीच्या डिकीत उन्हात सोडले तर पुढच्या रविवारी तुटणारच.

बोल्टची पेटी असेल तर नायलॉनचे दोन सहा मिमी बोल्ट येतात. जागी स्टीलचे घालू नका. आपटल्यावर नायलॉन तुटतो आणि पंख वाचतो, ते त्याचं कामच आहे.

पंख सरळ बसलाय का हे सुताच्या दोरीने बघावं. शेपटीच्या मध्यावर टाचणी, तिथून दोन्ही पंखांच्या एकाच कोपऱ्यापर्यंतची अंतरं. फरक तीन मिमीच्या आत हवा. नंतर पंखावर आणि बॉडीवर मिळून एक पेन्सिलची खूण, म्हणजे मैदानावर पुन्हा दोरी काढावी लागत नाही. दोन पंखांच्या वजनात दहा-पंधरा ग्रॅमचा फरक अगदी नेहमीचा. विमान प्रॉपच्या शाफ्टवर आणि शेपटीखाली बोटावर तोलून हलक्या टोकाला शिशाचा तुकडा लावला की झालं.

लँडिंग गिअर

मागची दोन चाकं चार मिमीच्या स्प्रिंग स्टीलच्या तारांवर, पुढचं चाक कॉइल असलेल्या तशाच तारेवर. तत्त्व चांगलं आहे. मागची प्रत्येक तार बॉडीच्या तळातल्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यात, खाचेत आडवी बसते आणि तिचं काटकोनात वळलेलं टोक उभ्या भोकात जातं. उतरताना धक्का बसला की तारेचा आडवा भाग पिळला जातो आणि परत येतो. म्हणजे स्प्रिंग ती आडवी तार असते, दिसणारा पाय नव्हे. म्हणून ठोकळा जाग्यावर पक्का असणं हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकी तिथेच पेटी कच्ची.

पंख लावायच्या जागेतून टॉर्च आत मारून ठोकळा पाहा. बहुतेकदा कडेने गरम गोंदाची किंवा सीएची पुसट रेघ दिसेल, काही ठिकाणी तीही नाही. अशा ठोकळ्यावर तीन-चार कडक उतरणी झाल्या की तो तळाच्या प्लायसकट उखडतो, आणि मग बॉडी फाडूनच दुरुस्ती. ही कसर भरून काढायला अर्धा तास पुरे: ठोकळ्याच्या आजूबाजूचं लाकूड पॉलिश पेपरने खरवडा, कडांना तीस मिनिटांचा इपॉक्सी भरा आणि ठोकळा व बॉडीची भिंत यांच्या कोपऱ्यात दहा मिमीच्या त्रिकोणी बाल्साच्या किंवा प्लायच्या पट्ट्या बसवा. बॉडी आडवी ठेवून एका वेळी एकच बाजू करा, नाहीतर इपॉक्सी ओघळून खाचेत जातो.

खाचेवरची फिल्म तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने उघडावी. ब्लेडने लाकडावर चरा पडतो आणि तिथून फिल्म फाटत जाते. तार बसवल्यावर ती खाचेतून एक-दीड मिमी वर दिसली तर पट्टी आवळून तिला खाली दाबण्याचा प्रयत्न करू नका. तारेचं वळण गोलाईदार असतं आणि भोकाची कड टोकदार. ती कड मोठ्या ड्रिल बिटने हाताने फिरवून मोडली की तार सपाट बसते. दाबून बसवलेल्या तारेवर नायलॉनची पट्टी कमानीसारखी वाकते आणि स्क्रूजवळ तुटते.

स्क्रूंचं पाकीट पाहिलं की हसू येतं. पट्ट्यांसाठी दिलेले स्क्रू लांबीला तोकडे, आणि त्यांची डोकी इतकी मऊ की दुसऱ्यांदा पाना लावला की खाच गोल. तीन मिमी जाडीचे, निदान १२ मिमी लांबीचे, चांगल्या डोक्याचे स्क्रू बाजारातून आणा. भोक दोन मिमी, आटे पाडून पातळ सीए, मग कायमचा स्क्रू. ठोकळा पुरेसा जाड असेल आणि आतून हात पोचत असेल तर तीन मिमीचे मशीन स्क्रू आणि ब्लाइंड नट (लाकडात रुतून बसणारे नट) आणखी चांगले. ब्लाइंड नट हातोडीने ठोकायचा नसतो. विरुद्ध बाजूने बोल्ट आणि मोठी वॉशर लावून आवळत ओढून घ्यायचा, आणि काठाला इपॉक्सी लावताना आट्यांत तेल किंवा व्हॅसलिन, म्हणजे डिंक आत शिरत नाही.

तारेचं पोलाद ही नशिबाची गोष्ट. चांगली तार वाकवली तर परत येते; काही पेट्यांतली तार दर उतरणीनंतर थोडी फाकते आणि विमान बसक्या म्हशीसारखं दिसायला लागतं. व्हाइसमध्ये धरून थंडच सरळ करावी. गॅसवर तापवून वाकवली की तिचा ताव जातो, आणि मग ती साध्या तारेपेक्षा बरी राहत नाही. वारंवार फाकत असेल तर नवी तार घेणं शहाणपणाचं.

चाकांच्या कॉलरना (चाक तारेवर जाग्यावर ठेवणाऱ्या कड्यांना) तीन मिमीचे बिनडोक्याचे ग्रब स्क्रू येतात, अ‍ॅलन की दीड मिमीची. गोल तारेवर ग्रब स्क्रू कितीही आवळला तरी घसरतो. कानशीने तारेवर पाच-सहा मिमी लांब सपाट जागा करा आणि स्क्रू नेमका तिच्यावर येऊ द्या. मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब, पण प्लॅस्टिकच्या रिमवर सांडू न देता, कारण काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. चाकाचं भोक घट्ट असेल तर ४.२ मिमीचं ड्रिल फिरवा आणि कॉलर व चाक यांत अर्धा-एक मिमी मोकळीक ठेवा.

चाकं ६५ मिमीची मिळतात. डांबरी किंवा सिमेंटच्या पट्टीवर ती ठीक. आपल्याकडची बहुतेक उडवायची जागा म्हणजे खुरटं गवत, काढणी झालेलं शेत किंवा काळी माती. पहिल्या पावसानंतरची काळी माती तर चाकाला असा थर चढवते की चाक फिरायचंच थांबतं. ७५ ते ८० मिमीची हलकी फोमची चाकं लावा. पुढच्या चाकाला जागा पुरते का ते आधी मोजा, प्रॉपला नाही पण कॉइलला चाक घासतं. पेटीत चाकांवरची शोभेची झाकणं नाहीत, हे एका अर्थी बरंच झालं.

पुढचा पाय फायरवॉलवर (इंजिन बसतं त्या बॉडीच्या पुढच्या भिंतीवर) नायलॉनच्या ब्रॅकेटमध्ये बसतो. स्टिअरिंग आर्म तारेवर फिरू नये म्हणून इथेही सपाट जागा हवीच. आर्म घसरला की रडर (शेपटीची उभी हलणारी फळी) सरळ आणि चाक वाकडं, आणि टेकऑफच्या धावेत विमान गवतात शिरतं. कॉइल मागच्या बाजूला यायला हवी. पुशरॉड (सर्व्होची हालचाल चाकापर्यंत नेणारी तार) सर्व्होच्या आर्मच्या सगळ्यात आतल्या भोकात आणि स्टिअरिंग आर्मच्या सगळ्यात बाहेरच्या भोकात घाला: चाकाची हालचाल दोन्हीकडे १० ते १५ अंश पुष्कळ झाली. जास्त ठेवली तर वेगात विमान वळत नाही, उलटतं. पुढच्या चाकाचा धक्का थेट रडरच्या सर्व्होच्या दातऱ्यांत जातो, म्हणून पुशरॉडला यू आकाराचं छोटं वळण द्यावं, ते थोडं लवचिक काम करतं. फायरवॉलच्या आतल्या सांध्यालाही ठोकळ्यासारखीच इपॉक्सीची मदत लागते. ग्लो इंजिन असेल तर पूर्ण फायरवॉलवर पातळ इपॉक्सीचा थर द्यावा.

उभं राहण्याची ढब शेवटी जुळवायची. विमान सपाट जागेवर उभं करून शेपटीच्या आडव्या पृष्ठभागावर पाणसळ ठेवा. विमान सपाट किंवा नाक अगदी किंचित वर हवं. पुढचा पाय जास्त उंच राहिला तर वेग पुरेसा येण्याआधीच विमान उडी मारतं. बुटका राहिला तर धावताना नाकावर भार येतो आणि एकचाकी हातगाडी पळते तसं विमान पुढच्या चाकावर वळायला लागतं. ब्रॅकेटखालचा कॉलर वरखाली करून हे साधतं.

मागच्या चाकांची जागा कारखान्यानेच ठरवलेली असते, तरी तपासून घ्यावी. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी लीडिंग एजपासून साधारण ३० टक्के कॉर्डवर, म्हणजे २८० मिमीच्या कॉर्डला ८४ मिमी मागे. ती जमिनीपासून २०० मिमी उंच असेल तर मागच्या चाकांचा अक्ष तिच्या ३५ ते ५० मिमी मागे हवा. त्याहून जवळ असेल तर इंजिन बंद असताना विमान शेपटीवर बसतं; त्याहून लांब असेल तर एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलणारी फळी) पूर्ण ओढूनही नाक उचलत नाही. चाकं समांतर किंवा एक अंश आत वळलेली. बाहेर वळलेली असतील तर धाव सरळ राहतच नाही. दहा मीटर हाताने ढकलून सोडा आणि कुठे जातं ते पाहा, मग तार वाकवा.

घ्यावी का? पहिलं बाल्साचं विमान म्हणून, हो. पंखाच्या एका गुणासाठीच. फक्त पेटीबरोबर दुकानातून हे सामान त्याच दिवशी आणा: स्प्रिंग स्टीलची चांगली तार किंवा सुटा गिअर संच, तीन मिमीचे स्क्रू आणि नायलॉक नट, मोठी चाकं, चार कॉलर जास्तीचे, थ्रेडलॉकर, तीस मिनिटांचा इपॉक्सी, ताजा पातळ सीए. सुटा संच घेताना एकक नीट वाचा. अमेरिकी मापाचा ५/३२ इंचाचा पाय ३.९७ मिमी असतो, तो चार मिमीच्या कॉलरमध्ये आणि चाकात सहज जातो. ५/३२ इंचाच्या कॉलरमध्ये चार मिमीची तार मात्र अडते, आणि ती घासून बसवण्यात जाणारी संध्याकाळ दुसरा कॉलर आणण्यापेक्षा महाग पडते.